बायोडाट्यावरची एक रेघ

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

परवा दुपारी टॉवेलच्या कारखान्याचे ते मालक आपल्या कर सल्ल्याच्या ऑफिसात आले होते. त्यांच्या फायली माझ्या टेबलावर पसरलेल्या बघून ते थबकले आणि तुम्हाला म्हणाले, "पोरगी नवीन दिसतीय. अनुभव किती?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दहा वर्षं. वडिलांच्या दुकानाचे हिशेब यांनीच सांभाळलेत." ते बसले, बोलणं टीडीएसवर गेलं. मी उठून माठाजवळ गेले आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. परत आले तेव्हा ऑफिसातल्या ताईंनी विचारलं, "डोळे का लाल?" मी म्हटलं, झेरॉक्सची धूळ.

धूळ नव्हती, सर. समोर बोलायला गेले तर तुम्ही "बरं बरं, टूबी जुळलं का?" म्हणून विषय जीएसटीच्या कामावर न्याल, हे वर्षभरात कळलं आहे. म्हणून हे लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नोकरी मागायला आलेल्या मुलीशी कसं वागता येतं, हे चार लोकांना कळावं असं मला वाटतं.

तुमच्याकडे येण्याआधीचं सगळं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. २०२२ साली बी.कॉम. झाले. बारावीपर्यंत मराठी माध्यम, म्हणजे पुस्तपालन व लेखाकर्म. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द मला झोपेतही सांगता येतात. शिवाय टॅली केलं, एमएस-सीआयटी केलं, तीसचं टायपिंग केलं. टॅलीच्या क्लासबाहेर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'शंभर टक्के नोकरीची हमी'. फी पूर्ण भरून झाली, सर्टिफिकेट हातात पडलं आणि त्यानंतर तिथला फोन कुणी उचलेना. पप्पांनी ती फी दोन हप्त्यांत भरली होती.

मग बार्शी-सोलापूर एसटी सुरू झाली. वैरागच्या स्टँडवर गाडी थांबली की मी फाईल उघडून कागद पुन्हा लावायची. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य ऐकलं: "अनुभव नाही? मग अवघड आहे." जाहिरातीत 'फ्रेशर चालेल' लिहायचं आणि समोर बसवून दोन वर्षांचा अनुभव मागायचा, असं करणारे किती भेटले. मला एकच कळत नव्हतं. पहिली नोकरी दिल्याशिवाय पहिला अनुभव येणार कुठून? हा प्रश्न मी एका ठिकाणी खरंच विचारला. ते गृहस्थ म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा."

एका ऑफिसात घसाऱ्याचा, म्हणजे वस्तू जुनी होईल तशी घटणाऱ्या किमतीचा, प्रश्न विचारला. मी पद्धत बरोबर सांगितली, आकडाही बरोबर काढला, पण तोंडातून 'घसारा' गेलं. समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. "डेप्रिसिएशन म्हणा मॅडम, इथं शाळा नाहीय." उत्तर बरोबर होतं की चूक, ते त्यांनी सांगितलंच नाही.

एकानं लग्न कधी करणार ते विचारलं. एकानं नोकरी लावून देतो म्हणून पंधराशे रुपये नोंदणी घेतली आणि तीन महिने 'तुमचं नाव पुढं पाठवलंय' एवढंच सांगितलं.

आणि एक ऑफिस असं होतं, जे मला विसरता येत नाही. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी 'तीन महिने ट्रेनिंग, नंतर पगार' म्हणून घेतलं. ट्रेनिंग म्हणजे काय, तर वर्षभराच्या खरेदीच्या बिलांचे गठ्ठे माझ्यापुढे टाकले आणि एंट्र्या मारायला सांगितल्या. शिकवलं कुणीच नाही. विचारलं की "गूगल करा." मी केलं. रोज पूर्ण तिकीट काढून, घरचा डबा घेऊन, अडीच महिने मी त्यांचं मार्चएंडचं काम फुकट ओढलं. मार्चच्या मध्यावर बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं तेव्हा आई म्हणाली, चला, तेवढा तरी भार हलका झाला. पुढं दोनच आठवड्यांत, मार्च संपल्या संपल्या, त्यांनी सांगितलं की आता काम कमी आहे, येऊ नका. अनुभवाचं पत्र मागितलं तर म्हणाले, "तीन महिन्यांत कसला आलाय अनुभव?" काम करून घेताना तो अनुभव होता, लिहून द्यायची वेळ आली तेव्हा नव्हता. मी बायोडाट्यावर ते ऑफिस लिहिलंच नाही. इंग्रजीत टाइप केलेल्या त्या कागदावर 'एक्सपिरियन्स' पुढं 'निल' असंच राहिलं.

ऑगस्टमध्ये तुमच्या जिन्यासमोर मी उभी राहिले तेव्हा त्या दिवशीचा तिसरा नकार घेऊन आले होते. नवी पेठेत 'कर सल्लागार' अशी पाटी दिसली म्हणून वर आले, एवढंच. बोलावलेलं नव्हतं, ओळखही नव्हती.

तुम्ही आधी पाणी दिलंत. मग "बसा" म्हणालात. 'बस' नाही, 'बसा'. तेवीस वर्षांचीही नव्हते मी, आणि तोवर बऱ्याच ऑफिसांत मला अगं-तुगं ऐकायची सवय झाली होती.

मग तुम्ही विचारलंत, "वडील काय करतात?" हा प्रश्न मी खूपदा ऐकला होता, आणि त्यामागं काय असतं तेही कळायचं. मी सांगितलं, बार्शीत छोटं किराणा दुकान आहे. तुम्ही पुढं जे विचारलंत ते मात्र कुणीच विचारलं नव्हतं. "हिशेब कोण बघतं?"

"मी."

"कधीपासून?"

"आठवीपासून. २०१४."

तुम्ही पेन खाली ठेवलंत आणि म्हणालात, "सांगा मला, कसं लिहिता?"

त्यानंतर मी किती वेळ बोलले माहीत नाही. डाव्या पानावर नावे, उजव्या पानावर जमा. दर पानाच्या शेवटी 'पुढे नेले', पुढच्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून'. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलका जुळवून बघणं. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आमची उधारीची वही दोन महिन्यांत भरली आणि दुसरी घालावी लागली. मी तेव्हा दहावीत होते. माणसं जुनी नोट घेऊन यायची, पप्पांना ती घेता यायची नाही आणि परत पाठवणंही जमायचं नाही, मग सगळं उधारीत. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा तेच. कुणाचे पैसे फोनवर आले, कुणी रोख दिले, कुणी निम्मे दिले, कुणाच्या नावावर भाऊ घेऊन गेला, सगळं वेगवेगळं लिहायचं. एकदा नव्वद रुपयांचा फरक येत होता, त्यासाठी दोन रात्री बसले. शेवटी सापडलं, पाचशे चाळीसच्या जागी चारशे पन्नास लिहिलं होतं.

तुम्ही लगेच म्हणालात, "नव्वदला नऊनं भाग जातो. फरकाला नऊनं भाग गेला की आधी उलटे पडलेले आकडे शोधायचे. दोन रात्री लागल्या नसत्या." आणि एका चिठोऱ्यावर करून दाखवलंत. नोकरी द्यायची की नाही हे ठरायच्या आधीच तुम्ही मला पहिला धडा दिला होता.

मग तुम्ही माझा बायोडाटा पुढं ओढलात. 'निल' वर बोट ठेवून म्हणालात, "हे चुकलंय."

मला वाटलं स्पेलिंग.

तुमच्या खिशातलं निळं पेन काढून तुम्ही त्या शब्दावर एक रेघ मारलीत. सरळ, बारीक, एकच. खालचा शब्द वाचता येत होता. शेजारी तुमची लहानशी सही केलीत, तारीख घातलीत. अगदी वहीतली चूक दुरुस्त करतात तशी. खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही. एक रेघ, बाजूला सही, वर बरोबर नोंद. मग पेन माझ्याकडं दिलंत आणि म्हणालात, "वर लिहा. किराणा दुकानाचे हिशेब, २०१४ पासून. तुमच्या अक्षरात लिहा."

माझा हात थरथरत होता. मी मराठीतच लिहिलं, इंग्रजी कागदावर. तुम्ही वाचलंत, फाईलला लावलंत आणि म्हणालात, "सोमवारी दहाला या. पगार पहिल्या महिन्यापासून."

सर, नोकरी दिलीत म्हणून आभार आहेतच. पण ती रेघ नसती आणि नुसती नोकरी मिळाली असती, तर मी आयुष्यभर असं समजले असते की तुम्ही माझ्यावर दया केलीत. तुम्ही दया नाही केलीत. तुम्ही एक चुकलेली नोंद दुरुस्त केलीत. नऊ वर्षं दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यावर बसून मी जे करत होते त्याला काम म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी जाऊन पप्पांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ती उधारीची वही त्यांनी कधी चार लोकांत काढली नव्हती. त्यांना तिची लाज वाटायची, कारण त्यात आमचे न आलेले पैसे होते. त्या रात्री त्यांनी सगळ्या जुन्या वह्या माळ्यावरून काढल्या, पुसल्या आणि काउंटरच्या मागच्या फळीवर वर्षाप्रमाणं लावून ठेवल्या. आजही तिथंच आहेत.

नंतरच्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही. कॉलेजात सगळे आकडे प्रश्नपत्रिकेत दिलेले असतात, इथं ते पिशवीतून येतात, भिजलेले, फाटलेले, नाव नसलेले, हे ताईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. टॅलीतलं जे क्लासनं सहा महिन्यांत दिलं नाही ते त्यांनी पंधरा दिवसांत दिलं. त्यांचेही मनापासून आभार, आणि त्यांच्या डब्यातल्या शेंगाचटणीचेही.

पण ऑक्टोबरमधली ती गोष्ट लिहायलाच हवी. पुरवठादारानं त्याचं आर-वन, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरलंच नव्हतं. म्हणून ते बिल टूबीत, म्हणजे खरेदीच्या बिलांच्या जीएसटीच्या यादीत, आलं नव्हतं. आणि मी न बघता त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या कराची वजावट, थ्रीबीत, म्हणजे कर भरायच्या विवरणात, धरलं. म्हणजे आता तो कर भरायचा आणि वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. माझ्या हातापायातलं बळ गेलं. मनात आलं की आता तेच होणार, 'उद्यापासून येऊ नका'. तुम्ही माझ्यासमोर त्या गिऱ्हाइकाला फोन लावलात आणि म्हणालात, "चूक आमच्या ऑफिसची आहे. व्याज आम्ही भरतो." माझं नाव घेतलं नाहीत. फोन ठेवून एवढंच म्हणालात, "आता चौदा तारखेनंतर टूबी उतरवल्याशिवाय थ्रीबीला हात लावायचा नाही." पगारातून एक रुपया कापला नाहीत. त्या दिवसापासून मी एकदाही तो नियम मोडलेला नाही.

मी खूप विचार केला, की ज्यांनी मला परत पाठवलं त्यांना काय अवघड होतं? पाच मिनिटं लागतात, सर. हिशेब कोण बघतं, एवढं विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आमच्याकडच्या कितीतरी मुली घरातल्या दुकानाचे, दुधाच्या रतिबाचे, बचत गटाचे, ऊसतोडीच्या उचलीचे हिशेब ठेवतात. बचत गटाच्या वहीत महिन्याची बचत, कर्जाचा हप्ता आणि व्याज वेगवेगळं मांडणारी बाई कुठल्याही नवख्या कारकुनापेक्षा कमी नाही. त्या सगळ्या नोकरीच्या अर्जावर 'अनुभव नाही' लिहितात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तुम्ही सांगितलंत. कुणी बघत नसताना, आडबाजूच्या ऑफिसात, एका अनोळखी मुलीला. चांगुलपणा म्हणजे मला आता हेच वाटतं, की समोरच्याकडं आधीच काय आहे ते नीट बघणं. अशी माणसं सोलापुरात आहेत, बार्शीत आहेत, सगळीकडं आहेत, फक्त त्यांच्या जिन्यापर्यंत पोचायला फार उशीर लागतो. मला वर्षापेक्षा जास्त लागला. माझ्याबरोबर पास झालेल्या दोघी अजून पोचलेल्या नाहीत.

त्या दोघींनाही घरचे हिशेब येतात. एकीच्या घरी पिठाची गिरणी आहे. तुमची परवानगी असेल तर ऑडिटची धावपळ संपल्यावर त्यांचे बायोडाटे मी तुम्हाला दाखवीन. नोकरीसाठी नाही. फक्त कुठं रेघ मारायची ते सांगा.

आणि एक. पप्पांनी तुमच्यासाठी दुकानातली ज्वारी निवडून ठेवली आहे, दहा किलो. आईनं स्वतः चाळली आहे. सोमवारी एसटीतून आणते. मागच्या वेळी दिवाळीचा डबा तुम्ही ऑफिसात सगळ्यांना वाटून टाकलात, तसं या वेळी करू नका. ती घरी न्या.

आपली नम्र,
बार्शीहून रोज येणारी तुमच्या ऑफिसातली अकाउंटंट