काकूंच्या रिपोर्टमधले ४२ टक्के

कोल्हापूर,
रविवार

प्रिय सुधीर,

काल फोनवर तू ४२ टक्के, ४२ टक्के एवढंच म्हणत होतास. काकूंचं निम्म्याहून जास्त फुफ्फुस गेलं, असं तू धरून चाललायस. तसं नाही रे. छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकलं की पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर येते, ते तपासणीचं मशीन मोजतं. काकूंच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईकडून जेवढी अपेक्षित असते, त्याच्या ४२ टक्के त्यांची आली. त्यांना दोनदा का फुंकायला लावलं म्हणून तू चिडला होतास. एकदा श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाच्या पंपाआधी, एकदा नंतर. पंप देऊन पंधरा मिनिटं थांबल्यावरही एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात निघत असेल, तरच सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आवळल्याचा आजार, म्हणतात. मग अडथळ्याच्या चार पायऱ्या. ३० ते ४९ टक्के म्हणजे तिसरी.

पण ही पायरी फक्त नळ्या किती आवळल्यात ते सांगते. आमच्या तपासणीच्या खोलीत सारख्याच आकड्याची दोन माणसं येतात. एक शेतावर जाऊन आलेला असतो, दुसऱ्याला सदऱ्याची बटणं लावतानाही दम लागतो. म्हणून डॉक्टर दम किती लागतो ते शून्य ते चार अशा श्रेणीत विचारतात. चढावर किंवा भरभर चालतानाच लागला तर एक, सपाटीवर बरोबरीच्या माणसांच्या मागे पडायला लागलं तर दोन, शंभरेक मीटरवर थांबावं लागलं तर तीन, घराबाहेर पडणंच होत नसेल तर चार.

आणि इथेच मला काकूंची काळजी वाटते. त्या "मला काही होत नाही" म्हणतील, आणि ते खोटंही नसेल. गच्चीवर जाणं त्यांनी सोडलं, देवळात जाणं सोडलं, आता भाजीवालाच दारात येतो. दम लागेल असं काही त्या करतच नाहीत, मग लागणार कधी? त्यामुळे त्यांच्या शेजारी बसून तू सांग, दोन वर्षांपूर्वी काय करायच्या आणि आता काय करत नाहीत. आठ प्रश्नांचा एक कागदही भरून घेतील, खोकला, कफ, झोप, जिना असं सगळं असतं त्यात. चाळीसपैकी दहा किंवा जास्त गुण आले की त्रास बराच आहे असं धरतात. तो कागद घाईत भरू नकोस.

दिवाळीनंतर त्या ॲडमिट होत्या ना? "थंडीचा खोकला वाढला होता" म्हणून तू ते सोडून देशील. देऊ नकोस. वर्षात एकदा जरी दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, किंवा घरच्या घरी स्टेरॉइड वा अँटिबायोटिकचा कोर्स घ्यावा लागला, तर पेशंटला जास्त जोखमीच्या गटात धरतात. २०२३ पासून त्या गटाला ई म्हणतात, आणि औषध ठरवताना ४२ टक्क्यांपेक्षा हा गटच जास्त बघतात. गावातल्या डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या सगळ्या घेऊन ये.

सिगारेटचं विचारतील. काकूंनी विडीला हात लावला नाही, पण लग्न होऊन आल्यापासून गॅस येईपर्यंत चुलीपुढे बसल्या, तेही सांग. वजन उतरलंय, तेही.

ऑक्सिजनचं मशीन मात्र आत्ता विकत घेऊ नकोस. स्वस्थ बसलेल्या काकूंचं बोटावरचं रक्तातल्या ऑक्सिजनचं रीडिंग ९३ टक्के आहे. कायमचा ऑक्सिजन साधारण ८८ किंवा त्याखाली राहिलं तर लावतात, आणि तोही पुन्हा तपासून. सहा मिनिटं चालवून बघतील, तेव्हा किती अंतर होतं आणि रीडिंग किती खाली येतं ते कळेल. मुलीने काकूंना लावलेलं नेलपॉलिश त्या दिवशी आधी काढून ठेव, आकडा चुकतो त्याने.

निघण्याआधी फोन कर, मी ओपीडीतच असेन. काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दिलीप