शैलाला, तिच्या रिपोर्टातल्या शेवटच्या दोन ओळींबद्दल

मिरज, रविवार

प्रिय शैला,

परवा रात्री साडेअकराला तू तुझ्या कॅन्सरच्या रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली एकच वाक्य, "ग्रेड ३ म्हणजे संपलं का गं?" मी घाईघाईत "नाही" एवढंच लिहिलं. फोन केला असता तर तू रडली असतीस आणि मी डॉक्टरकी झाडली असती. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस आणि सावकाश वाच.

आधी आजाराचं नाव नीट घे. तुझ्या वन्सं सगळ्यांना "पिशवीच्या तोंडाचा" म्हणून सांगत सुटल्यात. तो वेगळा, त्याची कारणंही वेगळी. तुझा कॅन्सर गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा आहे. पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर डाग दिसला आणि तू आठवड्याच्या आत दाखवलंस, हे फार बरं केलंस. बायका वर्ष वर्ष अंगावर काढतात. तुझा पिशवीच्या बाहेर पडलेला नाही, आजूबाजूच्या काढलेल्या लसिकाग्रंथीही स्वच्छ आहेत. हे त्याच रिपोर्टात लिहिलंय, पण तुझी नजर ग्रेडवरच अडकली.

आता ग्रेड. पेशी किती बिघडलेल्या दिसतात, याचा तो आम्ही डोळ्यांनी केलेला अंदाज. सव्वीस वर्षं मी हेच करतेय, म्हणून सांगायचा मला हक्क आहे: एकाच स्लाइडवर आम्ही पेशी तपासणारे दोन डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, भांडू शकतो, आणि ग्रेड ३ मध्ये तर जास्तच. दिसायला सारख्या दोन गाठी, एक बाई ठणठणीत, दुसरी दोन वर्षांत गेलेली. असं का, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

ते २०१३ साली मिळायला लागलं. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकल्पात ३७३ गाठींचे जनुक तपासले, तेव्हा या एकाच कॅन्सरचे आत चार वेगवेगळे गट निघाले. तू जन्मभर प्रुफं तपासलीस, तुझ्या भाषेत सांगते. पेशी दुप्पट होताना डीएनएचा सगळा मजकूर नव्याने जुळवला जातो. 'पोल' नावाच्या जनुकातून तयार होतो तो जुळारी, स्वतःच अक्षर लावतो आणि चुकलं तर तिथल्या तिथे उपसून काढतो. त्याच्या हातून सुटलेल्या चुका पकडायला मागे चार मुद्रितशोधक बसलेले असतात: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६.

जुळारीच बिघडला तर चुकांचा पाऊस पडतो. गाठ दिसायला भयंकर, ग्रेड बऱ्याचदा ३, आणि तरी या बायका सगळ्यात छान जगतात. इतक्या चुकांची पेशी शरीराला परकी वाटते आणि आपलेच सैनिक तिच्यावर तुटून पडतात, असं मानतात. याउलट पी-५३ हा पहारेकरी बिघडला, तर तो गट सगळ्यात वाईट. 'पोर्टेक-३' नावाच्या चाचणीत जास्त धोक्याच्या चारशेहून अधिक बायकांच्या गाठी अशा वाटून पाहिल्या. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोल गटात शंभरात ९८, पी-५३ गटात ४८. मुद्रितशोधक बिघडलेल्या गटात ७२ आणि कशातच न बसणाऱ्या चौथ्या गटात ७४. पी-५३ गटात नुसत्या लाइटवर, म्हणजे रेडिएशनवर, शंभरात ३६ बायका सुटल्या, सोबत किमो दिल्यावर ५९. २०२३ पासून तर आजाराची स्टेज ठरवतानाही हे गट धरायला सांगितलंय.

तुझा गट तिसरा, मुद्रितशोधक बिघडलेला. शेवटून दुसरी ओळ वाच: पी-५३ नॉर्मल. आणि शेवटची: एमएसएच-२ व एमएसएच-६ नाहीत.

रिपोर्ट देणाऱ्या मॅडमना विचारून मी तुझ्या स्लाइडचे फोटो मागवले. या तपासणीत त्या शोधकाचं प्रथिन असेल तिथे पेशीचं केंद्र चहाच्या डागासारखं तपकिरी होतं, नसेल तिथे नुसतं फिकट निळं राहतं. तुझ्या गाठीचं सगळं रान निळं, आणि त्यात मध्ये मध्ये तुझ्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपकिरी, टिकल्या लावल्यासारख्या. म्हणजे रंग नीट चढलाय, गाठीतच प्रथिन नाही. मी बराच वेळ बघत बसले. शेकडो स्लाइड पाहिल्यात अशा, पण ही तुझी होती.

किमोबद्दल तू विचारलंस. पोर्टेक-३ मध्ये या गटाला लाइटसोबत किमो जोडून जास्तीचा फायदा दिसला नाही. हे तुझ्या डॉक्टरांशी बोल, ठरवायचं त्यांनी. पोलची तपासणी झालेली नाही, तीही विचार. महाग म्हणून आपल्याकडे ती बरेचदा राहून जाते. पण कधी कधी मूळ बिघाड पोलचा असतो आणि शोधक त्यामागून पडतात. मग गट पोलचाच धरतात. तुझ्या गाठीचा मेणाचा ब्लॉक हॉस्पिटलात जपून ठेवलेला असतो, तो तपासायला पाठवता येतो.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. एमएलएच-१ गेला असता तर तो बहुधा वयानं झोपला असं म्हटलं असतं. एमएसएच-२ आणि ६ ही जोडी जाते तेव्हा दोष बऱ्याचदा जन्मापासूनचा असतो, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. शैला, आपण अकरावीत होतो तेव्हा तुझे बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले. चव्वेचाळीस वर्षांचे होते ना? आणि तुझी थोरली आत्या?

१८९५ साली मिशिगनमध्ये वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती खरंच पिशवीच्या कॅन्सरने, अकालीच गेली. वॉर्थिन आमच्याच जातीचे, पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी तिचं म्हणणं हसण्यावारी नेलं नाही, अख्खं घराणं लिहून काढलं. शंभरेक वर्षांनी त्याच घराण्यात दोष सापडला, तो एमएसएच-२ मध्येच. या जन्मापासूनच्या दोषाला लिंच सिंड्रोम म्हणतात.

म्हणून रक्ताची जनुक तपासणी करून घे. दोष निघाला तर तुझ्या भावात, अनिलमध्ये, तो असण्याची शक्यता निम्मी, तुझ्या लेकीत, ऋचामध्येही निम्मी. ज्यांच्यात निघेल त्यांनी वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीतून आतडं तपासत राहायचं. गाठ व्हायच्या आधीच कोंब खुडता येतो. तुझ्या बाबांना हे कुणी सांगायला नव्हतं.

अनिलशी तू वाड्याच्या वाटणीपासून बोलत नाहीस, ठाऊक आहे मला. मी सांगितलं तर तो घाबरेल किंवा उडवून लावेल. तो आता त्रेचाळीसचा आहे, शैला. रक्ताचा रिपोर्ट आला की फोन तूच कर, आणि वाड्याचा विषय काढू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीने येतेय. तुझा गाठीचा रिपोर्ट आणि बाबांचे जुने कागद असतील ते माळ्यावरून काढून ठेव.

तुझीच,
उषा