मेटलर्जी लॅबमधल्या मामांना

मामा, नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती मला पुरली नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

हाडात बसवायच्या टायटॅनियमवर ऑक्साइडच्या नॅनोनळ्या वाढवायच्या, हे माझं काम. चकती फ्लोराइडच्या द्रावणात बुडवायची, समोर प्लॅटिनम, 20 व्होल्ट. एकीकडे ऑक्साइड तयार होतं, दुसरीकडे फ्लोराइड ते विरघळवतं, आणि या ओढाताणीतून साधारण 100 नॅनोमीटर तोंडाच्या नळ्या उभ्या राहतात. तोंड किती रुंद, यावर पेशींची पकड बदलते. म्हणून थर सगळीकडे सारखा हवा.

शुद्ध टायटॅनियमवर तो मधाच्या पोळ्यासारखा आला. पण 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियमच्या मिश्रधातूवर, जो इम्प्लांटमध्ये सर्रास वापरतात, नळ्यांच्या मध्ये नुसते खड्डे. चार महिने मी पॉलिशिंगला दोष देत राहिले. एमरी पेपर घासून घासून बोटांची सालं निघाली.

त्या संध्याकाळी तुम्ही कुलूप लावायला आलात आणि म्हणालात, "एक चकती दे इकडं." स्वतः पॉलिश केलीत. आम्लाने भाजलं तर लावायची कॅल्शियम ग्लुकोनेटची ट्यूब हाताशी ठेवूनच क्रोलचं द्रावण, म्हणजे धातूची आतली रचना उघडी करणारं जहाल आम्ल, काढलंत, चकती काही सेकंद बुडवलीत, धुतलीत आणि मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलंत. फिकट कण, आणि त्यांच्या कडेकडेने काळी नक्षी.

"पोरी, तुझा हात नाही चुकत. हा धातूच एकजिनसी नाही."

माझ्या खड्डेवाल्या चकतीचा एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो शेजारी धरला. खड्ड्यांची नक्षी हुबेहूब तशीच! काळा भाग ‘बीटा’चा, म्हणजे या धातूतल्या दुसऱ्या प्रकारच्या कणांचा. व्हॅनेडियम तिथेच जास्त असतं आणि त्याचं ऑक्साइड फ्लोराइडमध्ये भराभर विरघळतं. नळी उभी राहायच्या आत खालची जमीनच वाहून जात होती. हे मी पेपरांत वाचलं होतं, मामा, पण डोळ्यांनी पाहिलं ते तुमच्यामुळे.

मग व्हॅनेडियमऐवजी नायोबियम असलेला मिश्रधातू घेतला. त्यातही दोन प्रकारचे कण आहेत, पण नायोबियमचं ऑक्साइड तग धरतं. दोन्हींवर नळ्या आल्या.

पुढच्या महिन्यात माझी तोंडी परीक्षा आहे. पहिल्याच स्लाइडवर तुम्ही दाखवलेली ती काळी नक्षी ठेवलीय. त्या दुपारी लॅबला कुलूप लावून नक्की या.

तुमची,
पॉलिशिंग व्हीलवर रोज नंबर लावणारी