तिथीची पाऊणपट

एन्शेडे, नेदरलँड्स

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार. आईलाही नमस्कार सांगा. तिने दिलेली आमसुलं पुरवून पुरवून वापरतेय.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे बसून आपली खाडी बघतेस म्हणजे नक्की काय बघतेस?" धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह ७८६ किलोमीटर उंचीवरून दर पाच दिवसांनी आपल्याकडची चित्रं घेतात. चित्रातला एक ठिपका १० मीटरचा, म्हणजे आपलं खळं अख्खं एका ठिपक्यात. जिवंत पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बराचसा परत फेकतं. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की जो आकडा येतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. दाट रानाचा ०.८ च्या आसपास, उघड्या सड्याचा अगदी थोडा, पाण्याचा बहुतेक शून्याखाली.

गेल्या महिन्यात दाभोळच्या खाडीची दोन वर्षांची चित्रं शेजारी ठेवली आणि पोटात गोळाच आला. खाजणाच्या कडेची तिवरांची हिरवी पट्टी दुसऱ्या चित्रात निम्मी झाली होती. वाटलं, कोणीतरी कोयता चालवला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी पुन्हा तारखा बघितल्या, पंचांग उघडलं. पहिलं चित्र अष्टमीचं, दुसरं अमावास्येचं.

बाबा, तरीवर होडीची वाट बघताना तुम्ही मला बोटांवर मोजायला लावायचात ते आठवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीचे आठ, पाऊणपट सहा: सहाला भरती, बाराच्या सुमारास सुकती. अमावास्येचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आणि हा उपग्रह आपल्यावरून जातो तो सकाळी अकरा-सव्वाअकरालाच! अमावास्येच्या चित्रात भरतीचं पाणी कोवळ्या तिवरांच्या डोक्यावरून गेलेलं होतं. पाणी अवरक्त प्रकाश गिळतं, म्हणून आकडा पडला. तिवरं जागच्या जागी होती. मला रडूच आलं.

आता खाडीसाठी मी सप्तमी ते नवमीचीच चित्रं निवडते. पावसाळ्यात मात्र ढगांमुळे काही दिसत नाही, तेव्हा रडारचे उपग्रह कामाला येतात. इस्रो आणि नासाचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, त्याचंही रडारच.

डोंगराचं कोडं वेगळं. दिवाळीत वाडीमागचा सगळा उतार सारखाच हिरवा दिसतो. पण शिमग्याच्या सुमारास ऐन, किंजळ पानं गाळून बसतात आणि काजू हिरवा राहतो. म्हणून दोन्ही वेळची चित्रं मिळून बघितली की जंगल कुठे संपलं आणि काजूची लागवड कुठे सुरू झाली ते बरंचसं कळतं. बरंचसंच. जांभूळ, अंजनीही बारमाही हिरव्या, त्या काजूत मिसळून जातात. मी घरची असून मलाही इथून सांगता येत नाही.

त्यासाठी तुमचे पाय हवेत. वाडीमागच्या बारा जागा नकाशावर खुणा करून मोबाइलवर पाठवतेय. प्रत्येक जागी जाऊन तिथे काय उभं आहे ते तुमच्या भाषेत बोलून रेकॉर्ड करा, चारी बाजूंचे फोटो काढा. झाड नवं लावलेलं की जुनं, हे तुम्ही बुंध्यावरून ओळखाल, ते जरूर सांगा. एकटे जाऊ नका, दादाला बरोबर घ्या. खाडीकाठच्या तीन जागा आहेत, तिथे अष्टमीला दहानंतरच उतरा आणि चिखलात पुढे जाऊ नका. गुडघ्याचा पट्टा बांधा.

आईला म्हणावं, शिमग्याला तिकीट काढलंय.

तुमची लेक