लाइटबिलावर बोट ठेवून वाचायला शिकवणाऱ्या वायरमन मामांना

मामा, नमस्कार. हे तुमच्या नातवाने तुम्हाला वाचून दाखवावं म्हणून लिहायलेय, कारण तुम्ही मोबाईल नुसता फोन उचलायला वापरता हे अख्ख्या गल्लीला माहिती आहे. तोंडावर आभार मानले की तुम्ही "हे काय लावलंय" म्हणत चप्पल घालून निघता, म्हणून आता चारचौघांसमोरच मानते, निघा कुठं निघता ते.

सुरुवात माझ्या मुंबईच्या बहिणीपासून झाली. मे महिन्याचं लाइटबिल आलं ३८० युनिटचं, पाच हजाराला टेकलेलं, मी फोनवर रडगाणं लावलं तर ती म्हणते अगं मग कंपनी बदल ना. तिच्याकडं उपनगरात अदानी आणि टाटा पॉवर दोन्ही आहेत, ज्याचं परवडतं त्याचं कनेक्शन घ्यायचं, वायर जुन्या कंपनीची असली तरी चालतं. मला वाटलं आपल्याकडं पण असेल काहीतरी, २००३ चा वीज कायदा तर सगळ्या देशाला एकच आहे. म्हणून ओट्यावर बसलेल्या तुम्हाला विचारलं. तुम्ही तंबाखू मळता मळता म्हणालात, "पोरी, अंबाजोगाईत कंपनी बदलायची म्हणलीस तर गाव बदलावं लागंल." परळीचं थर्मल इतकं जवळ, वीज इथंच तयार होणार, पण आपल्या दारापर्यंत तार एकट्या महावितरणची. हसून झाल्यावर तुम्ही म्हणालात, बिल आण बघू.

खरं सांगू का, तोपर्यंत मी बिलावर फक्त दोन गोष्टी बघायचे, रक्कम आणि शेवटची तारीख. तुम्ही चष्मा लावून प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. आणि स्लॅब. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०० च्या वरचे तर अंगावरच येतात, पहिल्या शंभरातल्या युनिटच्या दुपटीहून जास्त पडतो तिथला एक युनिट. म्हणजे उन्हाळ्यात आपण जे वरचे ८० युनिट जाळले तेच सगळ्यात महागाचे, आणि वाचवायला गेलं तर आधी वाचतात ते पण तेच. हे मला लग्नाला बारा वर्षं होऊन पहिल्यांदा कळलं, आमच्या ह्यांना तर अजून कळलेलं नाही.

मग तुम्ही घरात हिंडून फॅन मोजले. चारही जुने, पंचाहत्तर वॅटच्या आसपासचे, आणि आपल्याकडं मार्चपासून दसऱ्यापर्यंत फॅन बंद कधी होतो सांगा. तुम्ही बीएलडीसी घ्यायला लावले, तीस वॅटच्या आत चालणारे, सासूबाई म्हणाल्या वारा कमी लागतो, आता त्यांच्याच खोलीत रिमोट कुणाला हात लावू देत नाहीत.

एवढं होतंय तोवर सोलरवाला आला. त्याचं नाव आणि कंपनी इथं लिहीत नाही, तुम्हाला माहिती आहे. पोरगा बोलायला गोड, ताई ताई करत बसला आणि सरळ पाच किलोवॅटचं कोटेशन ठेवलं, म्हणे बिल झिरो, वर कंपनीच तुम्हाला पैसे देईल. मी जवळजवळ सही करत होते मामा. ॲडव्हान्सचे वीस हजार कपाटातून काढून ठेवले होते. तुम्ही तेव्हा अचानक येऊन चहा मागितला, त्या चहाने माझे लाखभर रुपये वाचवले असं मी सगळीकडं सांगत फिरते.

तुम्ही त्याला एकच विचारलं, बाबा, हिचा वर्षाचा वापर किती? त्याला माहितीच नव्हतं. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो, तुम्ही पेन्सिलने बेरीज केली, २,६५० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी २२०, ते पण फॅन बदलायच्या आधीचे. एक किलोवॅट आपल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतो. मग दोन किलोवॅटात भागतंय, पाच कशाला? सबसिडीचं गणित पण तुम्हीच मांडलं, घरावरच्या सोलरसाठी केंद्राची जी पीएम सूर्यघर योजना आहे तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटला ३०,००० प्रमाणे ६०,०००, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० च्या पुढं तीनचे पाच करा नाहीतर दहा करा, दमडी वाढत नाही. त्या पोराने हे सांगितलंच नव्हतं. आणि सगळ्यात भारी ते ३१ मार्चचं. जास्तीचे युनिट नेट मीटरवर, म्हणजे घरात आलेली आणि बाहेर गेलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, जमा होतात खरे, पण ३१ मार्चला खातं साफ, उरलेले युनिट कंपनी अगदी कमी भावाने घेते. म्हणजे थंडीत ऊन चांगलं, वापर कमी, तेव्हा जे साचलं ते फॅन कूलर जोरात चालायच्या तोंडावरच जातं. "गुढीपाडव्याला पोतं रिकामं, मग मोठं पोतं घेऊन काय करतीस," हे तुमचं वाक्य. तो पोरगा चहा अर्धा सोडून गेला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही काठी आणि खडू घेऊन आलात. जुन्या माळवदावर काहीच बसवायचं नाही हे आधीच सांगितलं, मातीचं धाबं, वजन पेलणार नाही आणि पावसाळ्यात गळेल. नवीन स्लॅबवर काठी उभी करून सकाळी नऊ, दुपारी बारा, चार वाजता सावली कुठं पडते त्याच्या रेघा मारल्या. शेजारच्या लिंबाची सावली दुपारनंतर अर्ध्या स्लॅबवर येते हे मला ह्या घरात इतकी वर्षं राहून माहिती नव्हतं. एका पॅनलवर सावली पडली तर त्या ओळीतल्या सगळ्यांचाच जोर कमी होतो म्हणालात, आणि ढाचा चार फूट पूर्वेला सरकवला. लिंब तोडा असं एकदा पण म्हणाला नाहीत.

मी विचारलं होतं, लाइट गेल्यावर तर हे चालेल ना? तेव्हा तुम्ही गप्प झालात जरा. मग म्हणालात नाही चालणार, आणि चालू पण नये. तुम्ही डीपी बंद करून खांबावर चढलेला असता, आणि कुणाच्या तरी गच्चीवरून उलटा करंट तारेत आला तर? म्हणून लाइन गेली की सोलरचा हा इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. पुढं काही बोलला नाहीत, मी पण विचारलं नाही. पण आता दुपारी लाइट गेली, वर एवढं ऊन असून घरात फॅन थांबला की मी चिडत नाही, कुणीतरी वर चढलं असंल म्हणते.

बाकी सगळं म्हणजे योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, डीसीआर म्हणजे आपल्या देशातलेच पॅनल आहेत ना ते बघणं, नेट मीटरसाठी हेलपाटे, ते तुमच्या नातवाने आणि मी मिळून केलं, त्याचं पण कौतुक आहे. एक लाख तीस हजार खर्च, सबसिडीचे ६०,००० बँकेत आले. बिल झिरो नाही होत, स्थिर आकार राहतोच, पण मागच्या महिन्यात दोनशेच्या आत आलं. बहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणते कोणती कंपनी? मी म्हणलं तीच, फक्त वायरमन बदलला.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे पॅनल सकाळी उजाडायच्या आत पुसते, गरम काचेवर गार पाणी टाकत नाही. टँकरचं पाणी असलं तर अर्धी बादली आणि ओला फडका, बास.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, टॉवेल टोपी पण परत पाठवली, हे मात्र मला पटलेलं नाही. रविवारी धपाटे आणि मिरचीचा ठेचा करायलेय, मामींना घेऊन या. आणि तुमची काठी आमच्या माळवदावरच राहिली आहे, ती पण घेऊन जा.