वाळवणाला जागा नसलेले घर

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत नव्या घरांविषयी जे लेख येतात, ते मी नेमाने वाचते. अलीकडच्या काही लेखांत ‘पर्यावरणपूरक घर’ हा शब्द वारंवार आला आणि त्यासोबत बांबूचे दिवे, तागाचे पडदे, मातीच्या कुंड्या यांची देखणी छायाचित्रेही आली. एका छायाचित्रात स्वयंपाकघरही होते, पण त्या लखलखीत ओट्यावर एकही भांडे नव्हते आणि तेथे कोणी काही शिजवत असेल असे वाटत नव्हते. घराला घरपण येते आणि घराचा पृथ्वीवरचा भारही ठरतो तो मुख्यतः त्या ओट्यावर, अशी माझी समजूत असल्याने हे पत्र लिहीत आहे.

आम्ही जळगावात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेल्या वर्षी होळीनंतर आमच्या सोसायटीने गच्चीला कुलूप लावले. वाळवणामुळे कबुतरे येतात, सांडलेले पीठ पावसाळी नळ्यांत अडकते आणि सौर पॅनेलजवळ वर्दळ नको, अशी कारणे देण्यात आली. त्यांतील नळ्यांचे कारण खरे आहे, हे मी मान्य करते. परंतु ज्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा 45 अंशांपर्यंत जातो, तेथे त्या फुकटच्या उन्हाकडे पाठ फिरवून वर्षभराचे पापड प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून विकत आणायचे आणि त्याच उन्हापासून वाचण्यासाठी दिवसरात्र कूलर चालवायचा, हा हिशेब मला अजून जमलेला नाही.

ज्यांनी बिबडे (ज्वारीचे खानदेशी पापड) होताना पाहिले नाहीत, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. ज्वारी भिजवून, वाळवून दळून आणायची, पहाटे मोठ्या पातेल्यात आधण ठेवून त्यात तीळ, लसूण, मिरची, मीठ घालायचे आणि पीठ वैरून घाटा शिजवायचा. तो घोटताना लाकडी दांडा दोन्ही हातांनी धरावा लागतो. मग ओल्या फडक्यावर हाताला पाणी लावून एकेक बिबडा थापायचा आणि खाटेवर पसरलेल्या जुन्या सुती धोतरावर उलटा करून सोडायचा. (वर्तमानपत्रावर नव्हे, कारण छपाईची शाई पोटात जाऊ नये. संपादकांनी राग मानू नये.) पातेल्याच्या तळाचा गरम घाटा वाटीत घेऊन, त्यावर कच्चे तेल ओतून, मुले जिन्यावर बसून खात असत. माझ्या नातवाने तो गेल्या वर्षी प्रथमच खाल्ला, तोही आमच्या बाल्कनीत, जेथे सकाळी जेमतेम दोन तास ऊन येते. निम्मे बिबडे बुरसले.

जुने ते सारे सोने, असे मला म्हणायचे नाही. माझे सासर अमळनेर तालुक्यातले. तेथे रात्री चूल शांत करण्यापूर्वी सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून विचारत, “कोनी उपाशी शे का?” आणि कोणी नाही म्हटल्यावरच झाकपाक करत. या प्रश्नात साऱ्या घराची ऊब होती हे खरे, पण त्या स्वतः तोपर्यंत बहुधा जेवलेल्या नसत, हेही तितकेच खरे. आज ज्याला आपण शाश्वत जीवनशैली म्हणून गौरवतो, ती घरातील बायकांच्या कमरेवर उभी होती. म्हणून वाळवण, निवडणे-टिपणे, शिळ्याचे ताजे करणे ही कामे पुन्हा घरात आणायची असतील, तर ती घरातील पुरुषांसह सर्वांमध्ये वाटली गेली पाहिजेत, अन्यथा ती न आलेलीच बरी. आमच्याकडे धान्याला ऊन दाखवून कडुनिंबाचा पाला घालून कोठी भरण्याचे काम यजमानांकडे आहे आणि निवृत्तीनंतर त्यांना दुसऱ्या कशाचा एवढा अभिमान वाटताना मी पाहिलेला नाही.

आमच्या घरात रोजच्या जेवणाचे फार मोठे नियम नाहीत. आठवड्यातून चार दिवस रात्री कळण्याची भाकरी असते. दादर ज्वारीच्या साधारण चार भागांना सालासकट काळे उडीद एक भाग आणि मीठ, असे एकत्र दळून आणतो. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला आवश्यक घटक कमी असतो आणि ती उणीव उडीद भरून काढतो, ही आहारशास्त्राची गोष्ट आपल्या बायकांनी पुस्तक न उघडता साधली होती. दादर रब्बीत जमिनीच्या ओलीवर येते, तिला उसासारखे पाणी लागत नाही आणि तिचा कडबा गुरांना होतो. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्या वर्षी ज्वारीची बिस्किटे बरीच विकली गेली, भाकरी मात्र शहरातल्या ताटांत फारशी वाढली असे मला दिसले नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या सणातील रोटांसाठी घरातील माणसांच्या हिशेबाने मूठ मोजून धान्य घेतात आणि रोटाचा तुकडाही वाया जाऊ देत नाहीत. श्रावणात एकदा पाळली जाणारी ही शिस्त आम्ही रोजच्या पिठाला लावली आहे: पीठ भिजवण्यापूर्वी कोण किती भाकरी खाणार हे विचारायचे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात एक अब्ज टनांहून अधिक अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घरांतून गेले. हॉटेलांतील किंवा लग्नांतील नासाडीवर बोलणे आपल्याला सोपे जाते, म्हणून हा आकडा मुद्दाम देत आहे. तरीही उरलेली भाकरी सकाळी कुस्करून कांदा-लसणाची फोडणी देतो आणि उरलेली भाकरी पुरेनाशी होते, इतका तो कुस्करा मुलांना आवडतो.

जेवताना मोबाईल भाकरीच्या रिकाम्या दुरडीत ठेवायचे, असे सूनबाईंनी ठरवले आहे. पहिला आठवडा दुरडी सारखी वाजत होती. आता वाजली तरी कोणी उठत नाही. तेवढ्या वेळात नातवाच्या शाळेतले भांडण आणि माझ्या मुलाच्या कामावरची कुरबूर दोन्ही समजतात.

केळीच्या पानांविषयीही लिहावेसे वाटते. थंडीत आपल्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून बडगीत (लाकडी खोलगट भांड्यात) ठेचलेले ते भरीत ज्या वांग्यांचे, त्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तसेच जळगावच्या केळीलाही मिळाले. आणि आपण हे मानांकित भरीत केळीच्या बागेशेजारी बसून प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कागदी ताटलीत खातो. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी असल्याने ती थोडी मागे पडली, पण पाने मात्र बांधावर तशीच कुजत राहतात.

आपल्या पुरवणीला माझी विनंती एवढीच आहे की, पुढे घरांचे नकाशे छापताना वाळवणासाठी उन्हाची जागा, धान्याच्या कोठ्यांची जागा, ओल्या कचऱ्याच्या माठाची जागा आणि घरातील सर्वांना एकत्र जेवायला बसता येईल एवढी जमीन त्यांत आहे का, हे वास्तुरचनाकारांना विचारावे. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे 2016 च्या नियमांनी बंधनकारक केले, तरी बहुतेक नव्या ओट्यांखाली आजही एकाच बादलीपुरता कप्पा असतो. सोसायट्यांनीही गच्ची सरसकट बंद करण्याऐवजी होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) एवढ्या काळापुरती सकाळची वेळ ठरवून द्यावी आणि नळ्यांच्या तोंडाला जाळी बसवावी. जाळीचा खर्च वाळवण घालणाऱ्यांकडून घेण्यास माझी हरकत नाही.

आमच्या सोसायटीची सभा पुढच्या पंधरवड्यात आहे. हे पत्र छापून आल्यास त्याचे कात्रण मी तेथे घेऊन जाणार आहे, आणि सोबत बाल्कनीत वाचलेले बिबडे तळून नेण्याचाही विचार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
जळगाव