फेसावरची खात्री

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘तत्त्वज्ञान घेऊन पुढे करणार काय?’ बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यापासून हा प्रश्न मी प्रत्येक लग्नात आणि जत्रेत ऐकते. उत्तर अजून सापडलेले नाही. पण मामाच्या काजूच्या भट्टीवर काय झाले, ते सांगते.

एप्रिलातल्या पहाटे त्याच्या बागायतीत जाताना दुरून धूर दिसला. म्हटले, भट्टी लागली. पोचले तर चूल थंडगार. तो धूर नव्हता, धुके होते! ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हे अनुमान आम्ही वर्गात घोकलेले. माझी चूक साधी, नजरेची. चार्वाकांचा, म्हणजे डोळ्यांना दिसते तेवढेच खरे मानणाऱ्या जुन्या भारतीय विचारवंतांचा, आक्षेप मात्र त्याच्या पुढचा. 14व्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या ग्रंथात तो आहे: धूर खरा असला, तरी सर्व ठिकाणी, सर्व काळी त्याच्याबरोबर अग्नी असतोच, हे पाहिले कोणी? परीक्षेसाठी पाठ केलेले हे वाक्य मला त्या दिवशी चुलीपाशी कळले.

दुपारी मामाने कस जोखायला पेल्यात उंचावरून फेणी ओतली आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते पाहिले. ‘चाळीस वर्षे बघतोय. फेस फसवत नाही.’ मी लगेच स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम काढला (नवे शिकलेले पोटात राहत नाही). चाळीस वर्षांच्या अनुभवाने पुढच्या पेल्याबद्दल काही सिद्ध होत नाही, मनाला फक्त सवय लागते. उद्या सूर्य उगवणार नाही, या म्हणण्यातसुद्धा तार्किक विसंगती नाही.

मामा म्हणाला, ‘मग उद्या भट्टी लावू नको म्हणतेस काय गो?’

ह्यूमलाही हे सुचले होते. 1739 साली, वयाची 28 वर्षे पुरी व्हायच्या आत छापलेल्या ग्रंथात तो कबूल करतो, की अशा शंकांनी डोके भणभणले की तो जेवतो, मित्रांबरोबर बॅकगॅमन हा फाशांचा खेळ खेळतो, आणि मग त्याच शंका त्याला थंड, ओढूनताणून आणलेल्या वाटतात. मामाला हा माणूस आवडला.

आमच्या नोट्स इंग्रजीत असतात. व्याप्ती (धूर-अग्नीसारखी कायमची सोबत), कार्यकारणभाव हे शब्द मीच शोधून जुळवले. आपल्या रविवार पुरवणीत राशिभविष्याला अर्धे पान असते. त्यातली एक चौकट महिन्यातून एकदा मराठीतल्या तत्त्वज्ञानाला मिळेल का? पहिला मजकूर मी देते. फेसाबद्दल लिहायला मामाची परवानगी घेतली आहे.

— एक विद्यार्थिनी, वाळपई-सत्तरी